जिंकलेले पानिपत, हरवलेला मुलगा : काळप्रवासकथेतील भावनिक किंमत

१

विज्ञानकथेविषयीची मराठी समीक्षा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. कथेतील विज्ञान कितपत निर्दोष आहे, हा पहिला प्रश्न; आणि त्या विज्ञानाचे खऱ्या अर्थाने कथेत रूपांतर झाले आहे काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न रास्त असले तरी काळप्रवासाच्या कथेसमोर ते अपुरे पडतात. या कथाप्रकारात तिसरा एक प्रश्न अंगभूत असतो : काळ ओलांडण्याची किंमत कोण मोजतो, आणि कथा त्या किमतीची नोंद कोठे व किती ठेवते?

येथे 'किंमत' या शब्दाचा अर्थ निश्चित करून घेणे आवश्यक आहे. परदेशी गेलेला, वनवासाला निघालेला किंवा तुरुंगात पडलेला माणूसही आप्तांना मुकतो. परंतु चौदा वर्षे अरण्यात काढणाऱ्या रामाला अयोध्या आपल्या जागी आहे, याची खात्री असते. त्याच्या स्मृतीतील जग आणि प्रत्यक्षातील जग यांच्यात अंतर पडले असले, तरी ते एकच जग आहे. काळप्रवाशाचे तसे नसते. त्याच्याजवळ ज्या जगाची स्मृती असते त्या जगाला दुसरा साक्षीदार उरलेला नसतो. दुःख सांगावे तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते दुःख घडलेलेच नसते. सहस्मृतीचा हा उच्छेद म्हणजेच काळप्रवासाची भावनिक किंमत. पुराणकथेपासून अलीकडच्या जपानी सचेतपटांपर्यंत हे आशयसूत्र सलग आढळते. मराठीत ते कोणत्या रूपात आले आणि मराठी वाचनाने त्याचे काय केले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

भागवताच्या नवव्या स्कंधातील ककुद्मी रैवताची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आपल्या कन्येसाठी, रेवतीसाठी, योग्य वर कोण हे विचारण्यास हा राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गायन चालू असल्यामुळे तो क्षणभर थांबतो. गायन संपल्यावर आपल्या मनातील वरांची नावे तो ब्रह्मदेवापुढे ठेवतो, तेव्हा ब्रह्मदेव हसतो. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. ती माणसे, त्यांचे पुत्रपौत्र, इतकेच नव्हे तर त्यांची गोत्रेही आता कोणाला ठाऊक नसतात. रैवत परततो, बलरामाला कन्या देतो आणि तपाचरणासाठी बदरिकाश्रमाची वाट धरतो.

कथा येथे शांतपणे मिटते. परंतु या शांततेत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, रैवताजवळ त्या नष्ट झालेल्या पिढ्यांच्या नावांखेरीज काही उरलेले नाही, आणि ती नावे उच्चारून आता कोणाला काही कळणार नाही. दुसरी, रेवतीला कोणी काहीच विचारत नाही. विष्णुपुराणातील कथनात तिची जुन्या युगातील उंची नव्या युगाला न पेलणारी ठरते आणि बलराम नांगराच्या टोकाने ती कमी करतो. म्हणजे प्रवासाची किंमत तिच्या देहावर वसूल होते. मनाची नोंद मात्र कोठेच होत नाही. पुराणकथेला मोक्षाची वाट उपलब्ध असल्यामुळे पित्याचे दुःख वैराग्यात विरघळते. कन्येचे दुःख तर कथनापर्यंत पोहोचतच नाही.

मराठी परंपरेतील चांगदेवाची आख्यायिका याहून अधिक सूचक आहे. योगबळाने मृत्यूला चकवून चौदाशे वर्षे जगलेला हा पुरुष ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास बसतो, आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. 'तीर्थस्वरूप' लिहावे, तर ते वयाने कोवळे. अखेर कोराच कागद धाडला जातो. त्या कोऱ्या कागदावरून मुक्ताबाईने काढलेले चौदाशे वर्षांच्या कोरेपणाचे उद्गार आणि उत्तरादाखल ज्ञानदेवांनी रचलेली 'चांगदेव पासष्टी' सर्वश्रुत आहेत. सांप्रदायिक निरूपणात या प्रसंगाचा अर्थ सिद्धीचा अहंकार आणि आत्मज्ञान यांच्या विरोधातून लावला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु काळप्रवासकथेच्या अंगाने पाहिले असता मायन्याची अडचण ही केवळ शिष्टाचाराची अडचण राहत नाही. मराठी पत्राचा मायना हा नात्याचा, वयाचा आणि मानाचा निर्देश असतो. जो काळाच्या क्रमाबाहेर पडला त्याला कोणाशीच नाते लावता येत नाही. चांगदेवाचा कोरा कागद म्हणजे नात्यांच्या व्याकरणातून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाचे पत्र होय.

३

आख्यायिकेकडून इतिहासाकडे वळले, की याच सूत्राचे एक विदारक रूप पानिपताच्या उत्तरपर्वात दिसते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले आणि सदाशिवरावभाऊ गर्दीत नाहीसे झाले. भाऊंच्या मृत्यूविषयी लोकमनात संशय रेंगाळत राहिला. पानिपताहून परतलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य कधीच मान्य केले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवतीच्या वेषात राहिल्या. दरम्यान भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्या मागे माणसे गोळा झाली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाचा हाच विषय आहे.

पार्वतीबाईंची ही बावीस वर्षे केवळ भाबड्या आशेची म्हणून सोडून देता येत नाहीत. भोवतालचा समाज १७६१ नंतरच्या जगात वावरत होता. त्या मात्र भाऊ परतणार असलेल्या जगात राहत होत्या. घडलेला इतिहास नाकारून त्यांनी माणूस राखला. त्यासाठी सहस्मृतीवर पाणी सोडण्याची किंमत त्यांनी दिली. मराठी भाषेनेही या घटनेला दोन शब्दप्रयोगांत साठवले आहे. 'पानिपत होणे' म्हणजे धूळधाण होणे. आणि 'विश्वास पानिपतात गेला' या उक्तीत व्यक्तीचे नाव आणि भरवसा यांवर एकाच वेळी श्लेष आहे. विश्वासरावांना लागलेली ती एक गोळी चुकली असती तर, हा प्रश्न त्यामुळे मराठी मनात शतकानुशतके खोल रुतून बसला.

४

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या प्रश्नाला उत्तर देते. नारळीकरांचे कथालेखन ज्या वातावरणात सुरू झाले ते येथे ध्यानात घ्यावयास हवे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही नारळीकरांची कथा नारायण विनायक जगताप या नावाने दाखल झाली आणि पारितोषिकपात्र ठरली. 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ चा. विज्ञानाचा प्रसार आणि विज्ञानदृष्टीची जोपासना ही या साऱ्या घडामोडीमागील प्रेरणा होती. कथा हे त्या प्रेरणेचे साधन आणि स्पष्टीकरण हे कथेचे गंतव्य, अशी वाचकाची धारणा याच काळात घडली.

प्रस्तुत कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकामुळे देशभर पोहोचले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात वावरू लागतात, जेथे पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती कानाजवळून निघून गेली आहे. परिणामी देश स्वाभिमानी व स्वतंत्र आहे आणि इंग्रजांकडे जवळजवळ मुंबईपुरतीच सत्ता उरली आहे. गंगाधरपंत मुंबईत उतरतात, ग्रंथालयात इतिहासाची पुस्तके धुंडाळतात, आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि श्रोत्यांच्या भडिमारात तेथून नाहीसे होतात. परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान असते. राजेंद्र देशपांडे हे त्यांचे वैज्ञानिक स्नेही पुंजवादातील अनिश्चिततेच्या आधारे घडल्या प्रकाराची उपपत्ती लावून दाखवतात.

या कथेवर होणारी चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना स्थिरावते : पर्यायी इतिहासाची मांडणी आणि देशपांड्यांची उपपत्ती. यांच्या मध्ये एक छोटा प्रसंग आहे, ज्याच्याजवळ वाचक क्वचितच थांबतो. मुंबईत आल्यावर गंगाधरपंत प्रथम ग्रंथालयात जात नाहीत. ते आपला मुलगा विनय ज्या कंपनीत नोकरीला आहे तिच्या कार्यालयात जातात आणि त्याची चौकशी करतात. तेथील कर्मचारी यादी पाहते, शाखांची यादी पाहते. त्या नावाचा कोणीही सापडत नाही. कदाचित या जगात तो जन्मलाच नसेल, हा विचार पित्याच्या मनात येऊन जातो. नंतर गंगाधरपंत काहीतरी खाऊन घेतात आणि ग्रंथालयाच्या पायऱ्या चढतात.

अपत्य मृत झाले नाही, तर ते कधी झालेच नाही, असे कळलेल्या पित्याला कथा फारच थोडी जागा देते. हा केवळ लेखकाचा कोरडेपणा मानून आक्षेप नोंदवणे सोपे आहे. परंतु संहितेचा क्रम बारकाईने पाहिला तर निराळा अर्थ हाती लागतो. विनय नाही, ही गोष्ट गंगाधरपंतांच्या दृष्टीने इतिहासाचाच प्रश्न आहे. जी गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली तिनेच पुढील दोन शतकांतील जन्ममृत्यूंची, विवाहांची, स्थलांतरांची जुळणी बदलली आणि त्या बदललेल्या जुळणीत विनय गायतोंडे या माणसाला जागा उरली नाही. म्हणजे ग्रंथालयातील शोध हा एका परीने मुलाच्या नसण्याचे कारण शोधणेही आहे. जिंकलेले पानिपत आणि हरवलेला मुलगा ही एकाच कारणाची दोन कार्ये आहेत. कथेने दोन्ही वस्तू आपल्यासमोर ठेवल्या आहेत. एकाच तराजूत मात्र घातल्या नाहीत.

पार्वतीबाईंशी तुलना केली असता हा विरोध लख्ख होतो. पार्वतीबाईंनी माणसासाठी इतिहास नाकारला. गंगाधरपंतांना हवा तसा इतिहास मिळाला आणि माणूस गेला. कथेच्या शीर्षकाला मात्र हे पूर्ण उमगलेले दिसते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' याचा एक अर्थ गंगाधरपंतांनी पाहिलेले पानिपत. दुसरा अर्थ, मराठी वाक्प्रचाराने आपोआप पुरवलेला, खुद्द गंगाधरपंतांची झालेली वाताहत. पहिल्या अर्थावर वाचक खूश होतो; दुसऱ्या अर्थाने वाचलेले पान अद्याप पुरते उलगडलेले नाही.

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीतील प्रवासीही भविष्यातून पुरावा घेऊन येतो : वीना या दूरस्थ युगातील मुलीने त्याच्या खिशात घातलेली दोन कोमेजलेली फुले. ती मुलगी त्याला वाचवता आलेली नाही. त्याचा पुरावा हा कोणाच्या तरी जिव्हाळ्याचा अवशेष आहे. गंगाधरपंतांचा पुरावा हा कागद आहे. त्या पानावर विश्वासराव वाचतात, पण विनयविषयी त्यात एक अक्षरही असणे शक्य नाही. कागदपत्र काय राखते आणि काय राखू शकत नाही, याचे याहून नेमके प्रतीक शोधून सापडणार नाही.

५

हीच तारांबळ आधुनिक जपानी सचेतपटांनी आपल्या आशयाच्या केंद्रस्थानी आणली. जपानलाही रैवतासारखी जुनी कथा आहे. उराशिमा तारो हा कोळी समुद्रतळीच्या राजवाड्यात थोडे दिवस राहून परततो, तर गावात शतके लोटलेली असतात. भेट मिळालेली पेटी उघडताच तो क्षणात वृद्ध होतो. पुढे त्सुत्सुई यासुताका यांनी १९६०च्या दशकात काळ ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीची कथा लिहिली. तिच्यावर आधारलेल्या होसोदा मामोरू यांच्या २००६ च्या चित्रपटातील कोन्नो माकोतो ही मुलगी आरंभी क्षुल्लक सोयीसाठी काळ मागे फिरवते. आपण टाळलेला प्रत्येक अपघात दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातो, हे तिला उशिरा कळते.

२०११ मध्ये प्रसारित झालेल्या दोन मालिका या आशयसूत्राचा पुढचा टप्पा होत. 'स्टाइन्स गेट'मधील ओकाबे रिंतारो हा तरुण भूतकाळात निरोप पाठवण्याची युक्ती शोधतो. जग बदलते, जुन्या जगाची स्मृती मात्र एकट्या त्याच्याजवळ टिकते. बालमैत्रीण मायुरी हिचा मृत्यू टाळण्यासाठी त्याला पाठवलेले निरोप एकेक करून मागे घ्यावे लागतात. प्रत्येक निरोपाबरोबर कोणाची तरी पुरी झालेली इच्छा पुसली जाते. एका मैत्रिणीला तिचे वडील परत मिळालेले असतात; ते तिला पुन्हा गमवावे लागतात. अखेर मायुरी वाचावयाची तर कुरिसु जगणार नाही, असा पेच उभा राहतो. मालिकेच्या आरंभी वेड्या वैज्ञानिकाचा आव आणणाऱ्या ओकाबेचे हसणे या प्रवासात हळूहळू अशक्य होत जाते. प्रेक्षकाला काळप्रवासाची उपपत्ती विसरता येईल; ते विझत गेलेले हसणे विसरता येत नाही.

'पुएल्ला माजी मादोका माजिका' या मालिकेतील आकेमी होमुराची स्थिती आणखी बिकट आहे. मादोका या मैत्रिणीला वाचवण्यासाठी ती तोच महिना पुन:पुन्हा जगते. प्रत्येक फेरीत होमुराची मादोकाविषयीची ओळख गहिरी होते. मादोकासाठी मात्र होमुरा दर वेळी वर्गात नव्याने आलेली अनोळखी मुलगी असते. एकीकडे जिव्हाळ्याचा डोंगर आणि दुसरीकडे पहिल्या भेटीचा संकोच. आरंभीची बुजरी होमुरा हळूहळू थंड, कठोर भासू लागते. कारण कोणत्या नात्याने बोलावे हेच तिला ठरवता येत नाही. चांगदेवाला मायना सुचला नाही, तो याच कारणाने. होमुराची अबोल नजर आणि चांगदेवाचा कोरा कागद यांत शतकांचे आणि संस्कृतींचे अंतर आहे. अडचण एकच आहे.

६

मग मराठीत ही अडचण इतक्या घाईने का ओलांडली गेली? विज्ञानप्रसाराची प्रेरणा हे एक कारण वर आलेच आहे. कथेचे गंतव्य स्पष्टीकरण असेल तर दुःख हा वाटेतला थांबा ठरतो. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. पानिपत हे सामूहिक दुःख आहे, आणि सामूहिक दुःखाच्या निवारणाचे स्वप्न पाहताना एका गायतोंड्याच्या मुलाचे नसणे क्षुल्लक वाटू लागते. पर्यायी इतिहासाचे सांत्वन हे असे एकेका माणसाला नजरेआड करूनच उभे राहते.

इतिहासाचे वळण कोणत्या ठिकाणी मानावयाचे, हेही जागेवर अवलंबून असते. पानिपताची मोहीम पुण्याच्या स्मृतीत रुजली. पण तिची वाट मराठवाड्यातून निघाली होती. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि त्यानंतर परतूडच्या मुक्कामातून भाऊ उत्तरेकडे निघाले. मराठवाड्यातील एखाद्या गावाच्या, उदाहरणार्थ हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावच्या, दृष्टीने पाहिले तर विसाव्या शतकातील निर्णायक दिवस १७ सप्टेंबर १९४८ हा ठरतो. त्या दिवशी निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. निजामाच्या काळी जन्मून या शतकापर्यंत जगलेल्या माणसाने गाव न सोडता चार राज्यव्यवस्था पाहिल्या. कारभाराची उर्दू गेली, हाली शिक्का गेला, फसली सनावरची गणना मागे पडली. ज्याने सरकारी नोकरीच्या आशेने उर्दू कमावली होती त्याची विद्या थोड्याच वर्षांत निरुपयोगी झाली. आणि तिची आठवण नातवंडांना सांगावी तर त्यांना तिचा संदर्भच नव्हता.

हा बदल इष्ट होता, लोकांनी लढून मिळवलेला होता, यात संशय नाही. किंमत होती असे म्हणणे म्हणजे बदल चुकीचा होता असे म्हणणे नव्हे. काळप्रवासकथा जो भेद शिकवते तो नेमका हाच आहे. ओकाबे मायुरीला वाचवतो ते योग्यच. म्हणून मैत्रिणीचे वडील पुसले गेले, ही गोष्ट खोटी ठरत नाही. मुक्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने मुक्तीनंतर साक्षीदार गमावलेल्या स्मृतींचीही दखल घेतली, तर त्या इतिहासाला उणेपणा येत नाही.

७

गंगाधरपंतांची कथा या किमतीपासून पूर्णपणे पळ काढते, असा निष्कर्ष मात्र अन्यायाचा होईल. अध्यक्षीय भाषणांची सहस्रपूर्ती करण्याच्या बेतात असलेला हा व्यासंगी, वक्तृत्वप्रिय इतिहासकार परतल्यावर पानिपतावरील परिसंवादाचे अध्यक्षपद नाकारतो. वरवर हा विनोद आहे : श्रोत्यांच्या भडिमाराने त्याला शहाणपण आले. परंतु 'असे झाले असते तर' या विषयावर आता त्याला भाषण करता येणार नाही, याला दुसरेही कारण आहे. व्यासपीठावरून ज्या 'जर-तर'ची चर्चा होते तिच्यात कोणाचाच मुलगा नाहीसा होत नाही. गंगाधरपंत त्या 'जर'च्या आत जाऊन आले आहेत आणि तेथे त्यांनी एका यादीत आपल्या मुलाचे नाव शोधले आहे. त्यांचे मौन ही कथेने नोंदवलेली एकमेव भावनिक किंमत आहे, आणि ती चांगदेवाच्या कोऱ्या कागदाच्या कुळातली आहे.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासलेखनाने या मौनाला आजवर विनोदाच्या सदरात टाकले. ते तेथून काढून कथेच्या मध्यभागी आणले, तर या कथेचे वाचन बदलते. इतकेच नव्हे, तर वर्गात तिच्यावर विचारला जाणारा प्रश्नही बदलतो. पानिपत जिंकले असते तर देशाचे काय झाले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी विचारला जातो. त्या जिंकलेल्या देशात विनय गायतोंडे का नव्हता, हा प्रश्नही त्यांना विचारला गेला पाहिजे.